वेब टेक्नॉलॉजीचा मिनी प्रोजेक्ट: सर्व्हलेट-जेएसपी करू की सरळ रिअ‍ॅक्ट-नोड?

खाडाकिंग

नमस्कार मंडळी. थर्ड इयर कॉम्प्युटरला आहे, सहावं सेम चालू आहे आणि वेब टेक्नॉलॉजीला मिनी प्रोजेक्ट आहे, चौघांचा ग्रुप. सिलॅबस आधी सांगतो, एचटीएमएल-सीएसएस, मग जावास्क्रिप्ट आणि डॉम, मग एक्सएमएल, सर्व्हलेट, जेएसपी (जावातून सर्व्हरवर पानं बनवायची पद्धत) आणि शेवटी धावतपळत पीएचपी. सरांनी बजावून सांगितलंय की सर्व्हर साईडला सर्व्हलेट-जेएसपी नाहीतर पीएचपी, यातलंच काहीतरी पाहिजे. आता ग्रुपमधला एक भिडू ऐकायलाच तयार नाही, म्हणतो हे आता कोण वापरतं, यूट्यूब उघडून बघ सगळे मर्न मर्न (मोंगो, एक्सप्रेस, रिअ‍ॅक्ट, नोड, सगळं जावास्क्रिप्टमध्ये) करतायत, आपण रिअ‍ॅक्ट-नोड-मोंगो करू आणि सरांना पटवू. दुसरा म्हणतो सिनिअरचा प्रोजेक्ट आहे माझ्याकडे, रंग बदलू, नाव बदलू, विषय संपला. तिसरा अजून मेसेज बघूनही रिप्लाय देत नाहीये.

टॉपिक मात्र सगळ्यांना पटलाय. आमच्या मेसचा खाडा. काकूंकडे साठेक पोरं जेवतात, काही एक टाईम काही दोन टाईम, आणि कोण कधी गावी गेला, कोणाचे किती खाडे, हे सगळं एका वहीत. महिनाअखेरीला वही उघडली की भांडण ठरलेलं. नियम असा की सकाळी ९ च्या आत सांगितलं तर दुपारचा खाडा धरणार, दुपारी ४ च्या आत सांगितलं तर रात्रीचा, आणि सलग चार टाईम खाडा असेल तरच पैसे कट, नाहीतर नाही. हे वेबवर करायचंय, पोरं लॉगिन करून खाडा टाकतील आणि काकूंना हिशोब दिसेल.

तर प्रश्न असा की सर सांगतात ते करावं का भिडू म्हणतो ते? कॅम्पसच्या दृष्टीने कशाचा फायदा? आणि सर्व्हलेट करायचं ठरवलं तर एक अडचण आत्ताच आलीये, लॅबच्या जर्नलमधला प्रोग्राम जसाच्या तसा टाकला, एक्लिप्समध्ये टॉमकॅट (सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर) हिरवा दिसतो, एरर काहीच नाही, पण ब्राउझरला ४०४, म्हणजे पान सापडलंच नाही. चौघांच्याही लॅपटॉपवर तेच. 🙏

बेंचवरचा_बंड्या

भावा आधी तुझा ४०४ संपवू. टॉमकॅट कुठला टाकलास? मी पैजेवर सांगतो १० किंवा त्याच्या पुढचा, कारण साईटवर गेलं की जो वर दिसेल तो सगळे डाउनलोड करतात. आणि जर्नलमधल्या प्रोग्रामला वर इम्पोर्टमध्ये जावाएक्स डॉट सर्व्हलेट असणार. टॉमकॅट ९ पर्यंत ते चालतं, १० पासून त्या पॅकेजचं नाव जकार्ता डॉट सर्व्हलेट झालंय. नवीन टॉमकॅट तुझं जुनं अ‍ॅनोटेशन बघतो, ते त्याच्या ओळखीचं नसतं, तो गप्प पुढे जातो, म्हणून एररही नाही आणि सर्व्हलेटही नाही. यामागे मोठं रामायण आहे, ओरॅकलने २०१७ ला जावा ईई (सर्व्हलेट ज्यात येतं तो जावाचा संच) एक्लिप्स फाउंडेशनला देऊन टाकायचं ठरवलं पण जावाएक्स हे नाव पुढच्या बदलांसाठी वापरू दिलं नाही, मग २०२० च्या शेवटी जकार्ता ईई ९ आलं त्यात सगळ्या पॅकेजची नावं बदलली. तू एकतर टॉमकॅट ९ टाक नाहीतर इम्पोर्ट बदल, दोन्हीतलं एकच कर. दोन्ही केलंस की परत ४०४, मग रात्रभर बस.

आता मोठा प्रश्न. सर सांगतात ते कर, आणि मार्कांसाठी म्हणून सांगत नाहीये. तुझ्या भिडूला विचार की कंपन्यांमध्ये जावाचं काम कशात चालतं, तो म्हणेल स्प्रिंग बूट (जावाचं वेब फ्रेमवर्क). मग त्याला सांग, स्प्रिंग बूटचा वेब प्रोजेक्ट सुरू केलास की कन्सोलवर बघ, आत टॉमकॅटच सुरू होतो, आणि येणारी प्रत्येक रिक्वेस्ट आधी ज्याच्याकडे जाते त्याचं नावच डिस्पॅचर-सर्व्हलेट आहे. सर्व्हलेट गेलेलं नाही, फक्त कोणाला दिसत नाही. आमच्याकडे नवीन पोरं येतात, अ‍ॅनोटेशन सगळी पाठ असतात आणि फिल्टरमध्ये काही अडकलं की हात वर.

अजून एक, स्टॅक कुठलाही घे पण पहिल्या दिवसापासून ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्कचा टॅब उघडा ठेवायची सवय लाव. लॉगिनचं बटण दाबलं की तिथे काय गेलं बघ, पोस्ट (डेटा पाठवणारी रिक्वेस्ट) गेली का गेट (पान मागणारी) गेली, सोबत काय डेटा गेला, उत्तर २०० (ठीक आहे) आलं का ३०२ (दुसऱ्या पानावर जा), हेडरमध्ये सेट-कुकी आली का. एचटीटीपीला मागचं काही आठवत नाही, प्रत्येक रिक्वेस्ट त्याच्यासाठी नवीच असते, म्हणून तर १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुलीने कुकी काढली. तुझं लॉगिन झालेलं आहे हे सर्व्हरला कळतं ते फक्त जे-सेशन-आयडी नावाच्या कुकीमुळे. ती कुकी हाताने डिलीट कर आणि पेज रिफ्रेश कर, लॉगआउट होशील. हे डोळ्याने बघितलं की व्हायवाला सेशन आणि कुकीतला फरक पाठ करावा लागत नाही.

मर्न_मास्टर_कोथरूड

बंड्या दादा आदर आहे पण हे जरा जास्तच होतंय. कॅम्पसला येणाऱ्या स्टार्टअपना जेएसपी दाखवली तर हसतात. इंटर्नशिपच्या जाहिराती काढून बघा, रिअ‍ॅक्ट, नोड, टाईपस्क्रिप्ट, नेक्स्ट, हेच असतं. रिअ‍ॅक्ट २०१३ पासून आहे, नोड २००९ पासून, म्हणजे हे काही कालचं फॅड नाही. आणि एकच भाषा पुढे मागे दोन्हीकडे चालते हा किती मोठा फायदा आहे. परदेशात तर कॉलेजातच शिकवतात हे, स्टॅनफर्डचा सीएस १४२ बघा, वेब अ‍ॅप्लिकेशन्सचाच कोर्स आहे, त्यात रिअ‍ॅक्ट, एक्सप्रेस, मोंगो घेऊन फोटो शेअरिंगचं अ‍ॅप बांधून घेतात. आपल्याकडे पोरांना अजून एक्सएमएलची डीटीडी (त्याच्या रचनेचे नियम) लिहायला लावतात.

बेंचवरचा_बंड्या

डीटीडीचं मान्य, त्यावर भांडणार नाही 😄 पण सीएस १४२ चं नाव घेतलंस तर त्याचं वेळापत्रकही बघ. एचटीएमएल, सीएसएस, डॉम, मग एचटीटीपी, सेशन, स्टोरेज, आणि शेवटाकडे चांगली बरीच लेक्चर्स सिक्युरिटीवर. रिअ‍ॅक्ट हे त्यातलं वापरायचं हत्यार आहे. आपली पोरं हत्याराचा व्हिडिओ बघतात आणि बाकीचं स्किप करतात. आणि खाड्याचा हिशोब मोंगोमध्ये कशाला रे? माणूस, खाडा, पैसे भरले, सगळं एकमेकांना जोडलेलं आहे, टेबलं ओरडून सांगतायत की आम्ही टेबलं आहोत.

लॅबवाल्या_मॅडम

मी हाच विषय शिकवते, कॉलेज कुठलं ते राहू द्या. खाडाकिंग, तुमचा टॉपिक वाचून बरं वाटलं, कारण दरवर्षी माझ्यासमोर स्टुडंट मॅनेजमेंट, लायब्ररी मॅनेजमेंट आणि हॉस्पिटल मॅनेजमेंट या तीनच सिस्टीम येतात, त्यातली निम्मी डाउनलोड केलेली, फूटरमध्ये दुसऱ्याच कॉलेजचं नाव तसंच राहिलेलं. सिनिअरचा प्रोजेक्टवाल्या मित्राला सांगा, आम्हाला तो सिनिअरही आठवतो.

कोड नंतर लिहा. आधी एक कागद घेऊन बसा आणि काकूंचे नियम टेबलांत कसे बसतात ते बघा, कारण तुमचा टॉपिक दिसतो तितका सोपा नाही. सदस्य हे एक टेबल, ते सगळेच काढतील. खाडा कसा साठवणार? बहुतेक मुलं सदस्याच्या ओळीतच एकूण खाडे असा कॉलम करतात आणि प्रत्येक वेळी त्यात एक वाढवतात. तसं अजिबात करू नका. महिनाअखेरीला मुलगा म्हणाला माझे दहा होते, आठच का दिसतात, तर दाखवायला तुमच्याकडे काहीच नाही, म्हणजे वही बरी म्हणायची. एक टाईम एक ओळ ठेवा: कोणाचा, कुठल्या तारखेचा, दुपार की रात्र, आणि कधी नोंदवला त्याची वेळ. बेरीज क्वेरीने येते. सदस्य, तारीख आणि टाईम या तिघांवर मिळून युनिक बंधन टाका म्हणजे एकच खाडा दोनदा पडणार नाही. सलग चार टाईमचा नियम याच ओळींवरून काढायचा, आणि तो काढताना एक टाईमवाल्याचं सलग म्हणजे काय हे काकूंना विचारून घ्या, कारण त्याची रात्र मुळात नाहीच. हा प्रश्न तुम्हाला कोड लिहिताना रात्री सुचेल आणि तेव्हा काकू झोपलेल्या असतील.

दर हा दुसरा मुद्दा. समजा आज महिन्याला २८०० आहेत, जूनपासून ३००० झाले. दर एकाच ठिकाणी ठेवलात आणि तो बदललात तर मागच्या सगळ्या महिन्यांची बिलं आपोआप वाढतील. म्हणून बिल तयार होताना त्या वेळचा दर बिलाच्या ओळीतच लिहून ठेवायचा. मी हा प्रश्न व्हायवाला हमखास विचारते आणि चार जण एकमेकांकडे बघतात.

आता वेब म्हणून जे खास आहे ते. सकाळी ९ ची मर्यादा जावास्क्रिप्टने तपासून बटण लपवलं म्हणजे झालं असं समजू नका, ब्राउझरमधलं सगळं मुलाच्या हातात आहे, तो इन्स्पेक्ट करून बटण परत आणेल किंवा मोबाईलचं घड्याळ मागे करेल. तपासणी सर्व्हरवर झालीच पाहिजे, जावास्क्रिप्टची फक्त सोयीसाठी. तसंच, बिलाच्या पानाचा पत्ता शेवटी आयडी बरोबर १७ असा असेल तर मी समोर बसून तिथे १८ टाकते. दुसऱ्याचं बिल उघडलं की मार्क तिथेच कमी. कोणाचं बिल दाखवायचं हे सेशनमधून घ्या, पत्त्यातून नाही. मग लॉगिनच्या चौकटीत मी एक सिंगल कोट टाकते. ५०० (सर्व्हरची एरर) आला की समजते क्वेरी अक्षरं जोडून बनवलीये, टाकलेलं क्वेरीपासून वेगळं ठेवणारं प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरलेलं नाही.

आणि फॉर्म भरल्यावर त्याच उत्तरात पान दाखवू नका. मुलं रिफ्रेश दाबतात, ब्राउझर पुन्हा पाठवू का विचारतो, ते न वाचता हो म्हणतात आणि पैसे भरल्याची नोंद दोनदा होते. पोस्ट घ्या, काम करा, सेंड-रिडायरेक्ट करून गेटने पान दाखवा. फॉरवर्ड आणि रिडायरेक्ट यातला फरक लिहा हा पाच मार्कांचा प्रश्न तुम्ही पाठ करता ना, त्याचा उपयोग हा आहे.

एक शेवटचं, सर्व्हलेटवाल्यांसाठीच. लॉगिन झालेल्याचं नाव क्लासच्या वर व्हेरिएबल म्हणून ठेवू नका. टॉमकॅट सर्व्हलेटचं एकच ऑब्जेक्ट बनवतो आणि सगळ्या रिक्वेस्ट वेगवेगळ्या थ्रेडमधून त्याच ऑब्जेक्टवर येतात. एकट्याने टेस्ट करताना सगळं छान चालतं. मी डेमोला दोन लॅपटॉपवर दोन वेगळ्या नावांनी एकदमच लॉगिन करायला लावते, आणि एकाच्या स्क्रीनवर दुसऱ्याचं नाव आलं की ग्रुपचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पीएचपी घेणार असाल तर जर्नल जुनं आहे का बघा. माय-एसक्यूएल-कनेक्ट वगैरे जुनी फंक्शन्स पीएचपी ७ पासून काढून टाकलीयेत, डेटाबेसशी बोलायला आता पीडीओ वापरायचं. पासवर्ड हॅश करून, म्हणजे उलटा काढता येणार नाही अशा रूपात, साठवायला पीएचपीत पासवर्ड-हॅश आहे, जावात बीक्रिप्टची लायब्ररी घ्या. बीक्रिप्टचा हॅश ६० अक्षरांचा असतो, कॉलम ५० चा ठेवलात तर तो मधेच तुटतो किंवा इन्सर्टच होत नाही, आणि मग बरोबर पासवर्ड टाकूनही आत जाता येत नाही म्हणून पुन्हा माझ्याकडे येता.

खाडाकिंग

मॅडम खूप खूप धन्यवाद, एवढं तर आमच्या पूर्ण सेममध्ये कोणी सांगितलं नव्हतं. बंड्या दादा टॉमकॅट ९ टाकला, लगेच चाललं 🙌 चौघांचंही. सर्व्हलेट-जेएसपीच फायनल केलं. मर्नवाला भिडू रुसलाय पण त्याला फ्रंटएंड दिलंय, साधं जावास्क्रिप्ट आणि फेच वापरून तारीख निवडायचं कॅलेंडर बनवतोय, आता त्यातच रमलाय.

काकूंशी बोलायला गेलो मॅडम तुम्ही सांगितल्याप्रमाणे, आणि सगळंच फिरलं. आम्ही त्यांना डॅशबोर्ड दाखवला कागदावर काढून, पाय चार्ट वगैरे, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या मला सकाळी सव्वानऊला एवढंच पाहिजे की दुपारी किती ताटं आहेत, मला कणीक तेवढीच भिजवायचीये. हिशोब काय तो महिन्याने. आम्ही ताटांचा आकडा कुठे दाखवणारच नव्हतो! आता काकूंचं पहिलं पान म्हणजे फक्त एक मोठा आकडा आणि खाली आज खाडा असलेल्यांची नावं, बस. एक टाईमवाल्याचं पण विचारलं, त्याला सलग दोन दिवस पुरेत म्हणाल्या, हा नियम वहीत कुठेच नाही, त्यांच्या डोक्यात आहे.

अडचण नवीन आहे. काकूंना नावं मराठीत पाहिजेत. आम्ही मराठीत नाव टाकलं तर डेटाबेसमध्ये नुसती प्रश्नचिन्हं, आणि ग्रुपमधल्या एकाच्या मशीनवर प्रश्नचिन्हं नाही तर काहीतरी विचित्र अक्षरं, डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ए आणि मधेच येनचं चिन्ह. कोड दोघांकडे सेम आहे.

सातपूर_नाईट_शिफ्ट

हे माझ्या आवडीचं आहे म्हणून लिहितोय, मी कंपनीत शिफ्ट करून आयआयटी मद्रासचं ऑनलाईन बीएस करतोय, त्यात मॉडर्न अ‍ॅप्लिकेशन डेव्हलपमेंट नावाचे दोन कोर्स आहेत, पहिल्यात फ्लास्क, जिंजा आणि एसक्यूलाईट, दुसऱ्यात व्ह्यू आणि मागे सेलरी-रेडिस, आणि प्रोजेक्ट एकट्याने करून व्हायवा द्यावा लागतो. पहिल्याच कोर्सला कॅरेक्टर एन्कोडिंगवर (अक्षरं बाइटमध्ये कशी साठवायची यावर) चांगला वेळ घालवतात, तेव्हा वाटलं होतं हे कशाला, मराठीत अ‍ॅप करायला घेतल्यावर कळलं कशाला.

तर तुमचे दोन वेगळे आजार आहेत. प्रश्नचिन्ह म्हणजे अक्षर वाटेतच मेलं. टेबल किंवा कनेक्शन लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांचं एन्कोडिंग) मध्ये आहे, त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह साठवलं गेलंय. ती नावं परत येणार नाहीत, सेटिंग बदलून नव्याने भरा. विचित्र अक्षरं म्हणजे बाइट बरोबर आहेत पण वाचणारा चुकीच्या एन्कोडिंगने वाचतोय. यूटीएफ-८ (सगळ्या लिपींचं एन्कोडिंग) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं आणि पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच, तो लॅटिन-१ मध्ये वाचला की तिरक्या रेघेचा ए दिसतो, म्हणून तो सारखा सारखा येतोय. येनचं चिन्ह बहुतेक दीर्घ वेलांटी, मात्रा किंवा हलन्ताच्या जागी सापडेल, त्यांचा दुसरा बाइट वेगळा पडतो.

करायचं असं, डेटाबेस, टेबल, कॉलम तिन्ही यूटीएफ-८-एमबी-४ करा, नुसतं यूटीएफ-८ नको. माय-एसक्यूएलमधलं जुनं यूटीएफ-८ हे तीन बाइटपर्यंतच जातं, त्यात मराठी बसते पण कोणी नावापुढे इमोजी टाकला की फुटतं. जेएसपीच्या पहिल्या ओळीत पेज एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा. आणि सर्व्हलेटमध्ये पोस्ट घेताना पहिलं पॅरामीटर वाचायच्या आधी रिक्वेस्टचं कॅरेक्टर एन्कोडिंग सेट करा, नंतर केलं तर काही होत नाही, ते नुसतंच दुर्लक्ष करतं. प्रत्येक सर्व्हलेटमध्ये लिहिण्यापेक्षा एक फिल्टर (प्रत्येक रिक्वेस्ट आधी ज्यातून जाते तो कोड) टाका, एकदाच. माझा अंदाज, विचित्र अक्षरंवाल्याच्या कोडमध्ये हीच ओळ गेट-पॅरामीटरच्या खाली आहे किंवा त्याच्या डेटाबेसची सेटिंग वेगळी आहे. कोड सेम आहे म्हणजे डेटाबेस सेम आहे असं नाही, तुम्ही चौघांनी टेबलं हाताने बनवली असणार. टेबलं बनवायची एसक्यूएल फाईल गिटमध्ये ठेवा आणि चौघांनी तीच चालवा.

आणि नावाच्या कॉलमला लांबी देताना इंग्रजीच्या हिशोबाने देऊ नका. ज्ञानेश्वरी हे नाव बोलताना चार अक्षरांचं आहे, डेटाबेस ते ११ मोजतो, कारण हलन्त, काना, मात्रा, वेलांटी सगळे वेगळे मोजले जातात. व्हारकॅर १० (जास्तीत जास्त १० चिन्हं) ठेवलं तर ज्ञानेश्वरी मेसला जेवू शकत नाही 😂

मर्न_मास्टर_कोथरूड

सातपूर भाऊ हे मी सेव्ह करून ठेवलं. नोडमध्ये पण कनेक्शनला हाच घोळ होतो.

बेंचवरचा_बंड्या

खाडाकिंग, हे पोरं खरंच वापरणार असतील तर तू ते कुठेतरी होस्ट करशील, तेव्हा आत्ताच ऐकून ठेव. फुकटच्या सर्व्हरचं घड्याळ बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तुझ्या लॅपटॉपवर ९ ची मर्यादा बरोबर चालेल. तिथे टाकलंस की सर्व्हरचे ९ वाजतील तेव्हा आपल्याकडे अडीच झालेले असतील, म्हणजे पोरं दुपारी जेवून हात धुवून खाडा टाकतील आणि सिस्टीम म्हणेल चालेल. वरून आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आत टाकलेल्या नोंदीवर आदल्या दिवसाची तारीख पडणार. जावा ८ पासून झोन सांगून वेळ घेता येते, एशिया-कोलकाता स्पष्ट लिही, सर्व्हरच्या घड्याळावर सोडू नकोस. आणि वेळ घेणारं कोड एकाच मेथडमध्ये ठेव म्हणजे टेस्ट करताना खोटी वेळ देता येईल, रोज सकाळी ९ वाजायची वाट बघत बसणार आहेस का?

लॅबवाल्या_मॅडम

ही वेळेची गोष्ट चांगली काढलीत, आमच्याकडे प्रोजेक्ट लोकलहोस्टच्या बाहेर कधी जातच नाही म्हणून मुलांना ती कळत नाही. आणि खाडाकिंग, ते सलग चार टाईमचं गणित सर्व्हलेटमध्ये लिहू नका. वेगळा साधा जावा क्लास करा, त्याला खाड्यांची यादी द्यायची आणि तो किती टाईम कट ते सांगणार, त्याचा ब्राउझरशी काही संबंध नाही. त्याला जेयुनिटने (जावाची टेस्टिंग लायब्ररी) चार-पाच केस लिहा: महिना ओलांडणारा खाडा, एक टाईमवाला, मधे एक टाईम जेवलेला. ३० तारखेची रात्र आणि १ तारखेची दुपार सलग धरायची की नाही हे पण काकूंना विचारा. एमव्हीसी म्हणजे काय असं कोणी विचारलं तर हाच क्लास उघडून दाखवा, मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलरची ती त्रिकोणी आकृती काढायची गरज नाही. चॅटजीपीटीकडून कोड घेतलात तरी हा भाग स्वतः लिहा, कारण काकूंचे नियम त्याला माहीत नाहीत आणि मी नेमकं तिथेच विचारते.

खाडाकिंग

मॅडम विचारलं, सलग धरायची, महिना बदलला तरी. मग कट कुठल्या महिन्यात? तर म्हणाल्या खाडा सुरू झाला त्या महिन्यात. टेस्ट लिहिली, पहिल्या फटक्यात फेल गेली, आता जमलीये. मराठी नावं दोन्हीकडे व्यवस्थित येतायत, सातपूर भाऊ तुमचा अंदाज बरोबर होता, ती ओळ खालीच होती.

शेवटचं एक विचारतो. पाहुणा आला तर काकू त्याचे ७० रुपये ज्याचा पाहुणा त्याच्या बिलात लावतात. हे खाड्याच्याच टेबलात उणे एक असं टाकलं तर चालेल का? भिडू म्हणतो चालेल, एक टेबल वाचेल.

लॅबवाल्या_मॅडम

नको. खाड्याला तुम्ही युनिक बंधन घातलंय, एकाच टाईमला दोन पाहुणे आले की तिथेच अडकाल. आणि पाहुण्याचे पैसे सलग चारच्या नियमात येत नाहीत. वेगळं टेबल करा: कोणाचा पाहुणा, तारीख, टाईम, किती जण, आणि त्या दिवशीचा दर. काकूंच्या त्या मोठ्या आकड्यात मात्र पाहुणे मिळवायला विसरू नका, नाहीतर सव्वानऊला कणीक कमी भिजेल.

खाडाकिंग

ओके मॅडम, वेगळंच करतो. भिडूला स्क्रीनशॉट पाठवला 😅